शेतकरी बाजारातून भाजी घेण्याचा काही महिन्यांचा अनुभव: लाभ कुठे आहे आणि अतिशयोक्ती कुठे

गेले काही महिने घरातील भाजी आणि फळे यांची बहुतांश खरेदी मी शेतकरी बाजारातून, म्हणजे पिकवणाऱ्याच्या हातून थेट, करत आहे. त्यापूर्वी हाच माल मोठ्या दुकानाच्या शीतकपाटातून येत असे. मधल्या काळात हंगाम बदलला, आवक वाढली आणि आटलीही, त्यामुळे सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर जे मत उरले तेच येथे मांडत आहे. या व्यवस्थेचा खरा लाभ शेत जवळ असण्यात जितका आहे, त्याहून अधिक तो काढणी आणि स्वयंपाकघर यांच्यामधला वेळ आणि मधले हात कमी होण्यात आहे. पर्यावरणाच्या नावाने केले जाणारे काही दावे मात्र पारखूनच घ्यावेत.

ताजेपणाचा फरक पहिल्याच खेपेला जाणवतो आणि त्यामागे साधे शास्त्र आहे. तोडलेल्या भाजीचे श्वसन थांबत नाही, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. मटारातील साखरेचे पिष्ट होऊ लागते, पालेभाजीतील क जीवनसत्त्व घटते. टोमॅटो लांबच्या प्रवासाला पाठवायचा असेल तर तो हिरवट असतानाच तोडतात आणि पुढे इथिलीन वायूने रंगावर आणतात. वाटेत थंडी जास्त झाली तर त्याचा वास आणि चव कायमची मंदावते. बाजारातील एक शेतकरी टोमॅटोचे तीन क्रेट वेगवेगळे मांडून बसतो आणि वजनकाट्याला हात लावण्यापूर्वी विचारतो, “आज करणार, की दोन-तीन दिवसांनी?” उत्तराप्रमाणे तो क्रेट निवडतो. दुकानात ही प्रतवारी आकार आणि रंग पाहून होते, खाणाऱ्याची सोय पाहून नव्हे. अर्थात उघड्यावर मांडलेला माल दुपारपर्यंत कोमेजतो आणि तेव्हा शीतकपाटातील भाजी सरस ठरते, म्हणून या बाजारात जायचे ते सकाळीच.

नासाडीच्या बाबतीत मला सर्वांत अधिक फायदा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळपास ६० टक्के घराघरांतून गेले. त्याखेरीज काढणीपासून किरकोळ दुकानापर्यंत पोहोचण्याआधीच सुमारे १४ टक्के अन्न गमावले जाते, असे अन्न व कृषी संघटनेने २०१९ च्या अहवालात म्हटले होते. आमच्या घरी जुडी जास्त दिवस टिकू लागली, आणि बांधीव पाकिटाऐवजी हवे तेवढेच तोलून मिळत असल्याने उरून सडणारा भाग बराच कमी झाला. वाकडा, डागाळलेला पण खाण्यास उत्तम असा मालही येथे विकला जातो. मोठ्या साखळीत तो शेताच्या बांधावरच बाद झाला असता.

आता अतिशयोक्तीकडे वळू. “अन्न जवळचे, म्हणून प्रदूषण कमी” हे वाक्य अर्धेच खरे आहे. पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली होती. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के असल्याचे त्यातून दिसते. बाकीचा मोठा भाग जमीन, खत, जनावरे आणि शेतीच्या पद्धती यांचा आहे. विमानाने येणारा नाशवंत माल हा याला ठळक अपवाद. मात्र जागतिक अन्नवाहतुकीत त्याचे प्रमाण अगदी अल्प आहे. थंड प्रदेशात इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातील टोमॅटो हा उन्हात पिकून दुरून आलेल्या टोमॅटोपेक्षा हवामानाला जड पडू शकतो. आणि दोन जुड्यांसाठी स्वतंत्र मोटार काढून बाजारात जाणाऱ्याने तर हा हिशेब मांडूच नये.

मग पर्यावरणाला लाभ होतो कुठे? हंगामी खाण्यात, कमी वेष्टनात, कमी नासाडीत आणि वाणांच्या विविधतेत. जगात अन्नासाठी सहा हजारांहून अधिक वनस्पती प्रजातींची लागवड झालेली असली, तरी एकूण पीक उत्पादनाचा ६६ टक्के भाग केवळ ९ पिकांतून येतो. पातळ सालीची, लवकर मऊ पडणारी पण चवीला उत्तम अशी वाणे लांबचा प्रवास सोसत नाहीत. त्यांना टिकून राहण्यासाठी जवळचा ग्राहक लागतो. दुकानात कधीही न पाहिलेली अशी काही वाणे मला या बाजारातच प्रथम मिळाली.

पैशांचे गणितही बोलके आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या हिशेबानुसार तेथील ग्राहकाने अन्नावर खर्च केलेल्या प्रत्येक १०० डॉलरपैकी शेतकऱ्याच्या वाट्याला साधारण १५ येतात. थेट विक्रीत पूर्ण रक्कम त्याच्या हाती पडते खरी, पण गाडीभाडे, दिवसभर उभे राहण्याचे श्रम आणि न खपलेला माल हेही त्याच्याच माथी बसते. त्यामुळे येथे सगळे स्वस्त मिळावे ही अपेक्षा मला गैर वाटते. भर हंगामात भाव उतरतात, एरवी ते दुकानाइतके किंवा थोडे चढेच असतात, आणि तुटपुंज्या उत्पन्नाच्या कुटुंबांना ही अडचण खरोखरच जाणवते.

तक्रारी दोन. पहिली, काही विक्रेते घाऊक बाजारातील माल स्वतःचा म्हणून खपवतात. बारा महिने सर्व प्रकारच्या भाज्या एकाच मेजावर दिसत असतील तर खुशाल शंका घ्यावी; मी काढणी कधी झाली, फवारणी कोणती केली, असे विचारते आणि उत्तर देताना चाचपडणाऱ्याकडे पुन्हा जात नाही. दुसरी, “सेंद्रिय” ही नुसती तोंडी ग्वाही असते. प्रमाणपत्र नसले म्हणून माणूस खोटा ठरत नाही, परंतु त्या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचे कारणही मला दिसत नाही.

अनियमित पुरवठ्यावर एक जुना तोडगा आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने आणि अमेरिकेत १९८६ पासून ग्राहकांनी शेतकऱ्याशी आगाऊ करार करून पिकात हिस्सा घेण्याची पद्धत रुजली. पुढील हंगामासाठी मीही असा हिस्सा घेण्याच्या विचारात आहे. पीक बुडाल्यास हिस्सा कमी मिळेल की पैसे परत मिळतील, हे आधी लेखी ठरवून घेईन. धान्य, डाळी आणि तेल मात्र पूर्वीप्रमाणे दुकानातूनच येत राहील.