लंडनच्या गल्लीतले दोन पब: स्टार टॅव्हर्न की लॅम्ब?

बिअरच प्यायची असेल तर बेलग्रेव्हियातलं स्टार टॅव्हर्न, माझं मत पक्कं आहे. मागच्या गल्लीत, पूर्वीच्या घोड्यांच्या तबेल्यांमध्ये लपलेलं आहे, शोधावं लागतं. पब फुलर्स या लंडनच्या कंपनीचा, त्यामुळे त्यांची लंडन प्राइड ही बिअर हातपंपावर मिळते, फेस कमी, गार पण बर्फगार नाही (कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक इंग्लिश बिअर, ११ ते १३ डिग्रीलाच खुलते, आपल्याकडच्या चिल्ड लागरची सवय असेल तर पहिला घोट विचित्र लागेल, पण थांबा जरा). कास्क बिअर पिंपातच मुरत राहते, म्हणून सगळं तळघर सांभाळणाऱ्यावर असतं, आणि १९७४ पासून निघणाऱ्या, चांगल्या बिअरचे पब निवडणाऱ्या गुड बिअर गाइड या पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीत हा पब आहे, ते उगाच नाही. १९६३ च्या ट्रेन दरोड्याचा कट इथे शिजला असंही सांगतात.

ब्लूम्सबरीतलं लॅम्ब यंग्ज या दुसऱ्या कंपनीचं. बिअर चांगलीच, पण यंग्जची वँड्सवर्थची ब्रुअरी २००६ ला बंद झाली, आता ती बिअर दुसरीकडे बनते. वातावरणात मात्र लॅम्ब कितीतरी पुढे: बाहेर हिरव्या टाइल्स, आत बारवर व्हिक्टोरियन काळातल्या फिरत्या काचेच्या झडपा, म्हणजे पिणाऱ्याचं तोंड बारवाल्याला दिसू नये. गप्पा मारायला तिथेच जा.