गोळ्यांच्या कारखान्याने पुढे कुठे जावं : जेनेरिक, पेप्टाइड की बायोसिमिलर?

गोळ्या-कॅप्सूलच्या जिवावर वाढलेल्या मध्यम कंपनीला आज बायोसिमिलर, म्हणजे जिवंत पेशींत बनणाऱ्या प्रथिन औषधांच्या जवळपास तशाच प्रती, खुणावतात. अमेरिका-युरोपसाठी एका बायोसिमिलरचा खर्च साधारण १० ते ३० कोटी डॉलर आणि वेळ सात-आठ वर्षं. एवढा दम नसेल, तर आधी पेप्टाइडकडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या औषधांकडे बघा.

जेनेरिकचं गणित सगळ्यांना पाठ आहे. बहुतेक गोळ्यांना २४ ते ३६ निरोगी स्वयंसेवकांवरची जैवसमतुल्यता चाचणी (रक्तात मूळ गोळीइतकंच औषध पोचतं का) पुरते. मूळच्या तुलनेतले आकडे ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसले की झालं. अमेरिकेत पेटंटला पहिलं आव्हान देणाऱ्याला १८० दिवस मोकळं रान मिळतं. पुढे सहा-सात स्पर्धक आले की भाव मूळ किमतीच्या ५ टक्क्यांच्याही खाली जातो. कमाई त्या सहा महिन्यांची, बाकी नुसती हमाली.

बायोसिमिलरमध्ये भाव इतका कोसळत नाही, पण बॅच कोसळते. गोठवलेल्या १ मिलीच्या व्हायलपासून (छोट्या कुपीपासून) २,००० लिटरपर्यंत पेशी वाढवत न्यायला तीन-चार आठवडे, मग मोठ्या बायोरिअॅक्टरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) सुमारे १४ दिवस. लिटरमागे ४ ग्रॅम प्रथिन मिळालं तर ८ किलो. प्रथिन धरून ठेवणारं प्रोटीन-ए रेझिन, आम्लात विषाणू निष्क्रिय करणं, विषाणू गाळणारा २० नॅनोमीटरचा फिल्टर या शुद्धीकरणातून ७० टक्के उरलं तर ५.६ किलो, म्हणजे कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबच्या ४४० मिलिग्रॅमच्या जेमतेम १२,७०० व्हायल. पेशी ज्यात वाढतात त्या माध्यमातलं मँगनीज किंवा तापमान जरा हललं तरी प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या बदलतात. त्यातली फ्यूकोज ही साखर कमी झाली की औषधाची पेशी मारायची ताकद वाढते आणि मूळ औषधाशी साम्य दाखवणारा तक्ताच फसतो. संसर्ग तर त्याहून महाग. २००९ मध्ये जेन्झाइमच्या बॉस्टनमधल्या ऑलस्टन कारखान्यात व्हेसिव्हायरस शिरला, उत्पादन थांबलं, गोशे या दुर्मीळ आनुवंशिक रोगावरच्या सेरेझाइमचा तुटवडा पडला. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रतिस्पर्धी शायरच्या व्हीप्रिव्हला मंजुरी मिळाली आणि गोशेचे कितीतरी रुग्ण तिकडे वळले.

इतकं करून माल खपेलच असंही नाही. संधिवातावरच्या ह्युमिराची २०२२ ची विक्री २,१०० कोटी डॉलरच्या वर होती. युरोपात त्याचे बायोसिमिलर ऑक्टोबर २०१८ लाच आले; अमेरिकेत पेटंटच्या समझोत्यांमुळे जानेवारी २०२३ उजाडावा लागला. अॅमजेनने आपलं बायोसिमिलर अॅमजेव्हिटा दोन किमतींना आणलं : एक ह्युमिरापेक्षा ५ टक्के स्वस्त, दुसरं ५५ टक्के. दोन का? तर विम्याची औषधयादी ठरवणाऱ्या पीबीएमना छापील किंमत जास्त असली की रिबेटही (कंपनीकडून परत मिळणारी सूट) जास्त मिळते. पहिलं वर्षभर ह्युमिरा फारसं हललं नाही. एप्रिल २०२४ मध्ये मोठी पीबीएम चालवणाऱ्या सीव्हीएसने ते आपल्या प्रमुख याद्यांतून काढलं, तेव्हा कुठे रुग्ण वळले, तेही मुख्यतः सीव्हीएसच्याच कॉर्डाव्हिसने बाजारात आणलेल्या बायोसिमिलरकडे. म्हणून विक्रीची बाजूही बघा : बायोकॉन बायोलॉजिक्सने २०२२ मध्ये व्हायाट्रिसचा बायोसिमिलर व्यवसाय ३.३ अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेतला, त्यातून परदेशातली विक्रीची साखळी थेट हातात आली.

पेप्टाइड मधली वाट आहे. ४० किंवा कमी अमिनो आम्लांचा रेणू अमेरिकेत जैविक औषध धरला जात नाही. मधुमेह आणि वजनावरच्या सेमाग्लुटाइडमध्ये ३१ आहेत, म्हणजे अर्ज जेनेरिकचा. मूळ कंपनी यीस्ट वापरते. तुम्ही रेझिनच्या घन कणांवर एकेक अमिनो आम्ल जोडू शकता. इथली मेख उताऱ्यात : प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली तरी ३० जोडण्यांनंतर बिनचूक साखळ्या ७४ टक्केच. उरलेला कचरा मोठ्या क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करायच्या पद्धतीने), भरपूर अॅसिटोनायट्राइल हा द्रावक खर्चून काढावा लागतो. लिराग्लुटाइडसह पाच पेप्टाइडांसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०२१ मध्ये नव्या अशुद्धीची मर्यादा ०.५ टक्के ठेवली, तीच डोळ्यांसमोर ठेवून प्रक्रिया बसवा. औषधाच्या कार्ट्रिज भरायची लाइन आणि इंजेक्शनच्या पेनचा पुरवठादार आधी पक्का करा. मात्र एकट्या सेमाग्लुटाइडसाठी उतरू नका. भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, आणि त्या तारखेवर टपलेले बरेच होते.

बायोसिमिलरच करायचं असेल तर पहिलं उत्पादन स्वतःच्या कारखान्यात नको. पुण्यात अल्केमची एन्झीन इतरांसाठीही जैविक औषधं बनवते; अशा ठिकाणी क्षमता भाड्याने घ्या. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात एफडीएने बहुतेक बायोसिमिलरना परिणामकारकतेची तुलनात्मक चाचणी गरजेची नाही अशी भूमिका घेतली. खर्च घटेल, पण सगळ्यांचाच. तेव्हा प्रकल्प अहवालात तीन स्पर्धक धरले असतील तर आठ धरून आकडे पुन्हा मांडा.