जूनपासून ब्राउझरमध्ये जिफ बनवतेय: प्रयोगशाळेतल्या व्हिडिओंचा अनुभव

अकरावी-बारावीची प्रॅक्टिकल्स घेणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण ठाऊक असते. बॅचमध्ये मुलं वीस-पंचवीस आणि ब्युरेटसमोर नीट उभी राहू शकतात तीन-चार. म्हणून मी फोनवर छोटे व्हिडिओ काढते, त्यांचे जिफ (आपोआप पुन्हा पुन्हा फिरणारी, आवाज नसलेली हलती चित्रं) करते आणि स्लाइडमध्ये नि गुगल फॉर्मच्या प्रश्नांत घालते. फॉर्ममध्ये व्हिडिओ हवा असेल तर तो आधी यूट्यूबवर चढवावा लागतो. जिफ मात्र साध्या चित्रासारखा थेट बसतो आणि आपोआप हलत राहतो. फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं असेल तर या भानगडीत पडूच नका. तिथे पाठवलेला जिफ आतून आवाज नसलेला व्हिडिओच होतो, त्यामुळे सरळ व्हिडिओ पाठवलेला बरा.

जूनपासून मी बहुतेक काम ईझीजिफ या साइटवर करते. खातं उघडावं लागत नाही, जिफवर शिक्का उमटत नाही. सुरुवातीची आणि शेवटची वेळ टाकायची, रुंदी निवडायची, सेकंदाला किती फ्रेम (एकेक स्थिर चित्र) ते सांगायचं, झालं. व्हिडिओ जिथे थांबवलाय तीच वेळ एका बटणाने उचलता येते, ही सोय मला फार आवडते. नंतर कापणं, लहान करणं, वेग बदलणं, एकेका फ्रेमचा वेळ ठरवणं हे सगळं तिथेच होतं. सर्चमध्ये आणखी बऱ्याच साइट सापडतात. त्यांतल्या काहींवर खरं डाउनलोडचं बटण कुठलं आणि जाहिरातीतलं कुठलं, हेच कळत नाही. मुलांना अशा साइटची लिंक मी कधीच देत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि तीही पूर्णांकात. प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी हा आकडा ३ असेल, ४ असेल, पण साडेतीन नाही. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे बरोबर ४. २० फ्रेम म्हणजे ५. पण ३० फ्रेम म्हणजे ३.३३, आणि असा आकडा जिफमध्ये लिहिताच येत नाही. चांगली साधनं मग ३, ३, ४ अशी वाटणी करतात, म्हणजे एकूण वेळ बरोबर येतो. काही साधनं सगळीकडे सरळ ३ टाकून मोकळी होतात.

मांजर उडी मारतंय अशा जिफमध्ये याने काही बिघडत नाही. माझ्याकडे बिघडतं, कारण माझी मुलं स्क्रीनवरच्या लंबकाला स्टॉपवॉच लावतात. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, जवळजवळ २ सेकंद असतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका आंदोलनाला ६० फ्रेम लागतात. प्रत्येक फ्रेम ०.०३ सेकंद दिसली तर आंदोलन १.८ सेकंदांतच संपतं. हा आकडा सूत्रात घातला की g (गुरुत्वत्वरण) येतो १२ च्या आसपास! तोच लंबक २५ फ्रेमवर घेतला की ५० फ्रेम, बरोबर २ सेकंद आणि g ९.८ च्या जवळ. लंबकाचा व्हिडिओ कापताना तो एका टोकाला क्षणभर थांबतो तिथून सुरू करा आणि परत त्या टोकाला पोचण्याच्या एक फ्रेम आधी संपवा. नाहीतर तीच स्थिती दोनदा दिसते आणि दर फेरीला बारीकसा धक्का बसतो. असा कापलेला जिफ दिवसभर चालू ठेवला तरी सांधा दिसत नाही. एकच दोन सेकंदांची क्लिप, पण मुलं तिच्यावर दहा काय, वीस आंदोलनं मोजू शकतात. जिफ या प्रकाराचं मला खरं मोल वाटतं ते इथे.

व्हिडिओच २५ फ्रेमने काढला तर आणखी एक फायदा होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो, ३० ने जात नाही. म्हणून ३० वर काढलेल्या व्हिडिओत मागची भिंत लुकलुकते. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केलं की २५ चा पर्याय मिळतो. इतर फोनमध्ये पर्याय नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात काढा.

हे लुकलुकणं डोळ्यांना खुपतं तेवढंच नाही, फाइलही फुगवतं. जिफ हा १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने आणलेला प्रकार आहे आणि वस्तू कुठून कुठे सरकली हे त्याला समजत नाही. व्हिडिओच्या फाइलमध्ये ‘हा तुकडा उजवीकडे गेला’ एवढं नोंदवून भागतं. जिफला बदललेला प्रत्येक ठिपका (पिक्सेल) नव्याने लिहावा लागतो. हात हलला की सगळेच ठिपके बदलतात. म्हणून फोन हातात धरून काढलेला व्हिडिओ मी जिफसाठी घेतच नाही. ब्युरेट स्टँडच्या क्लॅम्पमध्ये फोन अडकवायचा, मागे पांढरा ड्रॉइंग पेपर लावायचा. एवढ्याने फाइल जितकी उतरते तितकी नंतरच्या कुठल्याही ऑप्टिमाइझ बटणाने उतरत नाही. रुंदी ४८० ठिपके ठेवा, स्लाइडवर पुरते. रुंदी-उंची निम्मी केली की ठिपके एक चतुर्थांश उरतात.

रंगांच्या बाबतीत मात्र हा प्रकार तोकडा पडतो. एका फ्रेमच्या रंगपटात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात आणि बहुतेक साधनं सगळ्या क्लिपसाठी मिळून एकच रंगपट बनवतात. परमँगनेटच्या टायट्रेशनचा एंड पॉइंट (ब्युरेटमधून द्रावण सोडणं जिथे थांबवायचं तो क्षण) म्हणजे फिकट, टिकणारा गुलाबी. नेमका हाच रंग जिफमध्ये हरवतो. चित्रात पांढरी टाइल, काच, कागद, बोटं यांचीच गर्दी असते. त्यापुढे त्या फिकट गुलाबीच्या वाट्याला येणारे ठिपके थोडे आणि पांढऱ्याच्या अगदी जवळचे, म्हणून ते पांढऱ्यात ढकलले जातात. फक्त फ्लास्कचा तळ दिसेल इतकं कापलं की थोडा फरक पडतो, कारण मग गुलाबीला स्पर्धा कमी. तरीही माझं स्पष्ट मत आहे की एंड पॉइंट शिकवायला जिफ वापरू नये. मूल गडद गुलाबीलाच एंड पॉइंट समजून बसलं तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला त्याचं रीडिंग जास्त येणार. तिथे व्हिडिओच दाखवते. फ्लेम टेस्टचंही, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखण्याचंही, तेच. काळ्या पार्श्वभूमीवर ज्योतीभोवती रंगांचे पट्टे उठतात.

पट्टे घालवायला डिदरिंग असतं, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या रंगाचा भास करणं. त्यात निवड करता आली तर बायर हा ठरावीक नक्षीचा प्रकार घ्या. फ्लॉइड-स्टाइनबर्ग हा दुसरा प्रकार स्थिर चित्रात सुरेख दिसतो, पण हलत्या चित्रात थोडा काही बदल झाला तरी ठिपक्यांची मांडणी दर फ्रेमला बदलते आणि स्थिर भिंतीवर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. फाइल वाढते ती वेगळीच.

व्हिडिओत मुलांचे चेहरे असतील तर मी तो कुठल्याही साइटवर चढवत नाही. त्यासाठी ब्राउझरमध्येच, आपल्या संगणकावर काम करणारी साधनं आहेत. एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतराचा नावाजलेला प्रोग्रामच त्यांत वेबअसेम्ब्लीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालू शकणाऱ्या, रूपात चालतो. साइट तसा दावा करते म्हणून विश्वास ठेवू नका. पान पूर्ण उघडू द्या, वायफाय बंद करा, मग क्लिप टाकून बघा. जिफ तयार झाला तर काम इथल्या इथेच होतंय. वेग मात्र बराच कमी असतो. लॅबमधल्या जुन्या संगणकावर फोरकेची क्लिप टाकली तर टॅब अडकून पडतो, म्हणून आधी फोनवरच नको तो भाग छाटा आणि व्हिडिओ १०८० किंवा ७२० वर काढा.

व्हर्नियर कॅलिपरच्या जिफसाठी शेवटच्या फ्रेमचा वेळ मी ३०० करते, म्हणजे पूर्ण तीन सेकंद. जिफला पॉजचं बटण नसतं आणि कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळली हे शोधायला मुलांना तेवढा वेळ लागतोच. हे सगळं फुकटच्या साधनांत होतं. शाळा-कॉलेजच्या कामासाठी पैसे भरून घ्यावं असं या कामात मला अजून काही आढळलेलं नाही.