‘सगळं ऑनलाइन’: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

दिवाळी आटोपली आणि आमच्या घरात ठराव झाला, की वाणसामान, भाजी, बिलं, तिकिटं, जे जे फोनवरून होतं ते फोनवरूनच करायचं. ठराव नवऱ्याचा, अंमलबजावणी माझी आणि देखरेख सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. घर कोथरूडला, सोसायटी जुनी, नेटवर्क फक्त जिन्यात उत्तम.

बिलं भरणं हा यातला सगळ्यात बिनबोभाट भाग. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर महावितरण बिलामागे १० रुपये सूट देतं. बाबांना ही सूट मनापासून आवडली. फक्त बिल फायलीला लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून ते खाली जाऊन त्याची प्रिंट काढून आणतात. प्रिंटचे १० रुपये. मिळकतकर घरबसल्या भरला. गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये आहेत, नळस्टॉपला पोलिसांनी ती पाहिली आणि जा म्हणाले. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नाही, यातच सगळं आलं.

यूपीआय २०१६ पासून आहे, त्याचं आता कुणाला नवल नाही. नवल आहे ते भाजीवाल्या मावशींच्या डब्याचं. माझ्या फोनवर हिरवी खूण आली, पैसे गेले, तरी मावशी भेंडीची पिशवी हातातून सोडत नाहीत. नजर डब्यावर. माझ्यामागे चार बायका ताटकळलेल्या, डबा ढिम्म. मग एकदम तो ‘छत्तीस रुपये प्राप्त झाले’ असं अख्ख्या मंडईला ऐकू जाईल असं ओरडतो आणि पिशवी माझ्या हातात येते. मावशींचं चूक नाही. नुसती खोटी हिरवी खूण दाखवून भाजी नेणारे महाभागही आहेत. डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, पैसे जमा झाल्याचा निरोप त्याला आला तरच तो तोंड उघडतो. सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं मात्र बंद पडली. पुण्यात राहून हे जरा सुनं सुनं वाटतं.

आता दहा मिनिटांत घरपोच सामान. यात जादू काही नाही. वस्तीतच कुठेतरी एक छोटं गोदाम असतं, गिऱ्हाइकाला तिथे प्रवेश नसतो, आतली मुलं यादी बघून पिशव्या भरतात आणि जवळपासच पोचवायचं असल्यामुळे ते जमतं. कणीक भिजवायला घ्यावी आणि मीठ संपलेलं असावं, अशा वेळी तो मुलगा देवासारखाच वाटतो. पण देव सोसायटीच्या फाटकाशी अडतो. कारण आमच्याकडे फाटकाचंही अ‍ॅप आहे. ‘आत सोडू का?’ असं फोनवर येतं, फोन दिवाणखान्यात, माझे हात कणकेत, आणि सासूबाई फोनला विचारतात, “कोण आहे?” सामान गोदामातून फाटकापर्यंत यायला लागतो तेवढाच वेळ फाटकापासून दारापर्यंत लागतो.

या अ‍ॅपमुळे घरात आणखी एक प्रकरण झालं. कामाच्या मावशी फाटकातून आत आल्या की फोनवर वेळ येते. एकदा आल्या ९.१० ला, बेल वाजली ९.३५ ला. मधली पंचवीस मिनिटं त्या पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे चहा पीत होत्या. हे आजवर कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. आता सासूबाई रोज ९.१० पासून घड्याळाकडे बघतात. मी त्या सूचना बंद करून टाकल्या. तुम्हीही करा, घरकामाला बाई टिकायला हवी असेल तर.

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप हे खास पुणेरी उत्पादन. पूर्वी जिन्यात पाट्या लागायच्या, त्या आता फोनवर येतात. नमुना: ‘गाडी नीट लावावी. नीट म्हणजे कशी, हे विचारायला फोन करू नये.’ गुरुवारी पाणी बंद असल्याचा निरोप सेक्रेटरींनी घाईत ‘पाणि’ असा टाकला. तिसऱ्या मजल्यावरून लगेच उत्तर: ‘णी दीर्घ. बंदही दीर्घकाळ का?’ संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तिसरा मजला तेवढी उसंत देत नाही.

सर्वांत करमणूक झाली ती एका फोनने. ‘वीज मंडळातून बोलतोय, बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार.’ फोन बाबांनी उचलला. त्यांनी विचारलं, कुठलं उपविभागीय कार्यालय? फीडर कुठला? तुमचे साहेब कोण? नोटीस न देता तोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? समोरच्याने फोन ठेवला. बाबांनी परत लावला. तो उचलेना, तेव्हा बाबा खरोखर हिरमुसले. नंतर त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर त्याचा नंबर कळवला आणि ग्रुपवर टाकलं, की पैसे घ्यायला पिन लागत नाही, जो मागेल तो चोर. तिसऱ्या मजल्याला त्यात एकही चूक सापडली नाही.

दहा मिनिटवाल्यांच्या तक्रार निवारणाला मात्र शून्य गुण. एकदा दही फुगलेलं आलं. बाबांनी चॅटवर लिहिलं, ‘महोदय, विनंती विशेष की…’ उत्तर आलं, ‘खालीलपैकी पर्याय निवडा.’ पर्यायांत फुगलेलं दही नव्हतं. बाबांनी स्मरणपत्र क्रमांक एक, दोन आणि तीन पाठवली. पैसे आले, पण त्यांच्याच अ‍ॅपच्या पाकिटात. म्हणजे परत दही त्यांच्याकडूनच घ्यायचं.

मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर मिळतं, ते बाबा आता सफाईने काढतात. वनाजला बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायचं, मंडईला उतरायचं आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून, भाव पाडून घेऊन यायचं. भाजी ऑनलाइन मागवायचं कलम ठरावातून कधी गळलं ते नवऱ्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

घ्यावं का? घरात निवृत्त माणूस असेल तर जरूर घ्या. फाटकाला उत्तर देणं, बिलं तपासणं, चोरांशी बोलणं, रोबोला स्मरणपत्रं धाडणं हे सगळं कुणीतरी बसून करावं लागतं, आणि ते पॅकेजमध्ये येत नाही. नसेल तर आमचे बाबा सकाळी अकरा ते एक मोकळे असतात. एक ते चार फोन करू नये.