आकुतागावा मागवताय? अनुवादकाचं नाव सांगा

सांगलीत हरभट रोडला किंवा विश्रामबागेत पुस्तकांच्या दुकानात जाऊन जपानी कथाकार आकुतागावाच्या कथांसाठी नुसतं "राशोमोन मागवा" म्हटलं, तर दुसरीच प्रत हातात पडू शकते. ताकाशी कोजिमांच्या १९५२ च्या अनुवादाचं नावही 'राशोमोन'नंच सुरू होतं आणि त्यात सहाच कथा आहेत. आकुतागावा नीट वाचायचा तर पेंग्विन क्लासिक्सचं, जे (Jay) रुबिन यांनी अनुवाद केलेलं २००६ चं पुस्तक घ्या. त्यात अठरा कथा आहेत. चिठ्ठीवर अनुवादकाचं नाव लिहून द्या.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९५० चा 'राशोमोन' सिनेमा बघून आलेले 'राशोमोन' कथा उघडतात आणि बुचकळ्यात पडतात. सिनेमातला खून तिच्यात नाहीच. तिच्यातून घेतली ती क्योतोची पडकी वेस. बाकी भानगड याच पुस्तकातल्या 'इन अ बांबू ग्रोव्ह' या कथेतली. तिथं ओळीनं सात जबान्या आहेत, निवेदक कुणीच नाही. एरवी आरोपी हात झटकतात. इथं दरोडेखोर, बायको आणि मांत्रिकिणीच्या तोंडून बोलणारा मेलेला सामुराई, तिघंही म्हणतात हे माझ्याच हातून झालं. नाट्यपंढरीतल्या वाचकांनी ही कथा सात जणांत वाटून मोठ्यानं वाचावी. मनात वाचून अर्धी निसटते.

पुस्तकाची खोड एकच, पण मोठी. कथा लिहिल्या त्या क्रमानं लावलेल्या नाहीत, त्यातल्या काळानुसार लावल्या आहेत. त्यामुळे १९१५ ची 'राशोमोन' आणि १९२२ ची 'बांबू ग्रोव्ह' शेजारी बसतात आणि लेखक कसा वाढला ते कळत नाही. म्हणून आधी 'राशोमोन', मग ज्येष्ठ कादंबरीकार सोसेकींनी वाखाणलेली 'द नोज' (१९१६), १९१८ च्या 'द स्पायडर थ्रेड' आणि 'हेल स्क्रीन', त्यानंतर 'बांबू ग्रोव्ह' असं वाचा. 'हेल स्क्रीन' सावकाश घ्या. सांगणारा सरदाराचा नोकर आहे, धन्याची बाजू सावरत बोलतो. जिथं तो ठासून नाही म्हणतो, तिथंच थांबून विचार करा.

आत्मचरित्रात्मक सहा कथा शेवटी आहेत, त्या शेवटीच बऱ्या. 'डेथ रजिस्टर' आईच्या वेडापासून सुरू होते. 'स्पिनिंग गियर्स'मध्ये डोळ्यांपुढे दातेरी चाकं फिरतात, मग डोकं ठणकायला लागतं. १९२७ च्या जुलैत, पस्तिसाव्या वर्षी, आकुतागावानं झोपेचं औषध जास्त घेऊन जीव दिला. हे माहीत असून वाचलं तरी कथा हलकी होत नाही. कादंबरीकार हारुकी मुराकामींची प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल. टिपा मागच्या पानांत आहेत, दोन खुणा ठेवा.

त्याची 'कप्पा' ही कादंबरिका यात नाही, वेगळी घ्यावी लागते. आणि चुकून कोजिमांचीच प्रत आली, तर परत करायची घाई नको: 'याम ग्रुएल', 'द मार्टर' आणि 'केसा अँड मोरितो' पेंग्विनमध्ये नाहीत.