मोर्स ओळखणारे यंत्र: टोन डिकोडर आयसी की प्रोग्रॅममधले गणित?

मोर्स वाचून अक्षरे दाखवणारे यंत्र घरी बांधायचे ठरवले, की पहिला निर्णय घ्यावा लागतो तो सूर ओळखण्याच्या पद्धतीचा. 'डिट' (आखूड सूर) आणि 'डा' (लांब सूर) यांची लांबी मोजून अक्षर काढण्याचे काम दोन्ही मार्गांत आर्डुइनो ऊनो हा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्डच करतो. प्रश्न एवढाच की सूर एलएम५६७ या ठरावीक सूर ओळखणाऱ्या आयसीने पकडावा, की तेही गोएर्ट्झेल पद्धतीने, म्हणजे आवाजात एक ठरावीक सूर किती आहे हे मोजणाऱ्या गणिताने, प्रोग्रॅमवर सोपवावे.

आयसीचा मार्ग डोळ्यांना दिसतो, हे त्याचे मोठे बलस्थान. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरला ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये जोडला, की साधारण ६०० ते ९०० हर्ट्झचा टप्पा हाती येतो. सूर जुळला की आठवी पिन खाली खेचली जाते. तिथे रेझिस्टरसह एलईडी लावून प्रीसेट सावकाश फिरवावा. एका जागी ती सुराच्या तालावर उघडझाप करू लागते. कपॅसिटर मात्र पॉलिस्टरचा घ्यावा, कारण साधा सिरॅमिक तापमानाबरोबर सरकतो आणि सकाळी जुळवलेला सूर दुपारी हुकतो.

प्रोग्रॅमच्या मार्गात ऊनो सेकंदाला आवाजाचे सुमारे ८,९०० नमुने घेतो. शंभर नमुन्यांचा एक गट म्हणजे जेमतेम ११ मिलिसेकंद. मिनिटाला २० शब्दांच्या गतीने 'डिट' ६० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एका डिटमागे पाच गट मिळतात आणि ते पुरतात. सूर बदलायचा तर एक आकडा बदलावा लागतो. त्याहून महत्त्वाचे असे की आयसी फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगते, तर प्रोग्रॅमला सुराचा जोरही कळतो. त्यामुळे ७ मेगाहर्ट्झवरचा संकेत मध्येच क्षीण झाला तरी 'सूर आहे' असे मानण्याचा उंबरठा त्यानुसार खाली आणता येतो. हॅम रेडिओ (हौशी लोकांचे बिनतारी संदेश) ऐकण्यासाठी मी डोळे झाकून हाच मार्ग सुचवीन. पदविकेचा प्रकल्प तोंडी परीक्षेत समजावून सांगायचा असेल, तर आयसी बरी.

दोन्ही मार्गांत आवाज माइकमधून घेणे टाळावे. उद्यमनगरातल्या माझ्या खोलीत शेजारचा ग्राइंडर सुरू झाला की पडद्यावर ई आणि टी यांची रांग लागे, कारण एक डिट म्हणजे ई आणि एक डा म्हणजे टी. कोणताही खडखडाट यंत्राला याच दोन अक्षरांसारखा वाटतो. रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमधून कपॅसिटरद्वारे थेट जोड घेतली, तेव्हा ती रांग थांबली.

मोर्स शिकण्यासाठी मात्र या दोन्हींपेक्षा 'की' (मोर्स वाजवण्याची कळ) आणि बझर यांची जोडी अधिक उपयोगी पडते. मी वाजवलेला क्यू (डा-डा-डिट-डा) कित्येक दिवस 'एम ए' असा फुटत होता, कारण दोन डांनंतर हात नकळत थबकत असे. ते कानाला कळले नव्हते, पडद्याने दाखवले. ऐकण्याचा सराव करताना मात्र हाच पडदा घात करतो, कारण अक्षर समोर उमटत असताना कान कष्ट घेत नाहीत. म्हणून प्रोग्रॅममध्ये अक्षरे तीन-चार सेकंद उशिरा दाखवण्याची सोय ठेवावी आणि कॉख पद्धतीने के व एम या दोनच अक्षरांनी, पण पूर्ण गतीने, सुरुवात करून ९० टक्के अचूकता आल्यावरच तिसरे अक्षर घ्यावे. मार्ग कोणताही निवडला तरी 'की' आणि बझरसाठी ऊनोच्या दोन पिना आधीच मोकळ्या ठेवाव्यात.