सोलापूरच्या नवी पेठेतली साइनबोर्ड दुरुस्ती: ‘नाही’ म्हणणारा कारागीर
दुकानांच्या ग्लो साइन आणि एलईडी अक्षरांची दुरुस्ती करणारी सेवा. काम चोख, दर वाजवी. पण पाचातले चार तारे खरे तर त्यांच्या नकाराला.

बंद मॉड्यूल (अक्षरातला एलईडीचा छोटा तुकडा), जळलेला एसएमपीएस (घरगुती विजेचे 12 व्होल्ट करणारा डबा), फ्यूज जागेवर बदलून देतात. नवी लाइन ओढा, लोड वाढवा म्हटलं, की परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आणायला सांगतात. गिऱ्हाईक चिडतं, पण नियमच तसा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत दिवे, फ्यूज, स्विच यांची क्षमता न बदलता केलेल्या अदलाबदलीला सूट आहे. त्यापुढचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं, तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली.

हिशेब पक्का. 1.5 वॅटची 120 मॉड्यूल म्हणजे 180 वॅट, 12 व्होल्टला 15 अँपिअर. तिथे ते 20 अँपिअरचा एसएमपीएस बसवतात. सोलापूरच्या मे महिन्यात बंद एसीपी (अॅल्युमिनियमच्या पॅनेलच्या) पेटीत काठोकाठ लोडचा एसएमपीएस टिकत नाही. शेवटची अक्षरं मंद दिसली तर मॉड्यूल बदलायची घाई नाही. आधी टोकाला मीटर लावतात; 12 ऐवजी 10.5 व्होल्ट दिसले, की दुसऱ्या बाजूनेही पुरवठा जोडतात.

पाचवा तारा कापला तो वायरींच्या जोडांसाठी. नुसती टेप गुंडाळतात, पावसात पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. हीट श्रिंक (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी) मागून घ्या. आणि शिडी लागण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या: लोखंडी फ्रेमला अर्थिंग आहे का, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का.